समज देऊन रवाना

आमच्या तालुक्याच्या गावात पोलीस ठाणं, तहसील आणि कोर्ट एकाच रस्त्यावर आहेत आणि त्या तिघांच्या मधोमध माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माणूस कुठल्याही संकटात सापडला तरी त्याला आधी तीन प्रती काढाव्या लागतात. त्यामुळे गावाची बहुतेक दुःखं माझ्या काचेवर पालथी पडून पुढं जातात. सातबारा, मृत्यूचा दाखला, वाटणीपत्र, पंचनामा. मी वाचत नाही. डोळ्यांखालून जातं त्याला इलाज नाही.

नाना मात्र दुःख घेऊन येत नाहीत, अर्ज घेऊन येतात.

पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि काखेत पत्र्याची पेटी. नाना एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. तिकिटांचे गठ्ठे ज्या पेटीत असायचे तीच ही पेटी. निवृत्तीनंतर निर्लेखित मालातून पैसे भरून, पावती घेऊन आणलेली. ती पावती अजून पेटीत आहे. तिकिटांच्या रकान्यांत आता कोर्ट फी स्टॅम्प असतात, दहाचे एका बाजूला, वीसचे दुसऱ्या. खालच्या कप्प्यात कोरी जोडपत्रं, 'अ' अर्जाचं, 'ब' पहिल्या अपिलाचं, 'क' दुसऱ्या अपिलाचं. आणि एका जुन्या काडेपेटीत शिजवलेल्या भाताची चार शितं. स्टॅम्प चिकटवायला. नाना स्टॅम्प जिभेवर ओला करत नाहीत. "शासनाला जीभ लावू नये," म्हणतात.

माहिती मागणाऱ्यांत जाती आहेत. एक जात अर्ज टाकते आणि उत्तराऐवजी पाकिटाची वाट बघते. या लोकांमुळे ठाण्यात अर्जदार दिसला की खुर्च्या आपोआप मागं सरकतात. दुसरी जात खरी गांजलेली, तिला कागद नको असतो, न्याय हवा असतो आणि कागदावर भागवावं लागतं. नाना या दोन्हींत बसत नाहीत. त्यांचा हिशेब निराळा. "एकतीस वर्षं मला वाटेत कुठंही हात करून तपासणीस चढत होता. वेबिल दाखवा म्हणत होता. मी दाखवत होतो. 'कशाला पाहिजे?' असं मी एकदा तरी विचारलं का? मग आता मी चढलोय."

चढले ते 2013 च्या उन्हाळ्यात. त्या वर्षीचा दुष्काळ आठवत असेल. गावोगाव टँकर, विहिरींचे तळ उघडे. नानांनी विहिरीतली पाच एचपीची मोटर वर काढली आणि काठावरच्या बाभळीला दोरीनं बांधून ठेवली, जनावर बांधावं तशी. एका सकाळी दोरी होती, मोटर नव्हती.

नाना ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारानं विचारलं, "विहिरीत पाणी किती?"

"नाही."

"मग मोटर गेली तर अडलंय काय, नाना?"

यावर नानांना उत्तर सुचलं नाही. उत्तर न सुचण्याची ती त्यांच्या आयुष्यातली शेवटची वेळ. अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि समजावलं की चोरी लिहिली की पंचनामा आला, जबाब आले, कोर्टाच्या चकरा आल्या; तुमचं वय काय, ऊन काय; 'गहाळ' असा अर्ज द्या, दोन मिनिटांत शिक्का मारून देतो. उन्हानं डोकं धरलेलं होतं. नानांनी सही केली. शिक्का घेऊन माझ्या दुकानात आले, प्रत काढायला कागद काचेवर पालथा घातला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उलटा करून वाचला.

"गहाळ?" नाना म्हणाले. "गहाळ छत्री होते. डबा होतो. एकदा माझ्या गाडीत नवरदेवाचा फेटा गहाळ झाला होता. हरवलेल्या वस्तू मी एकतीस वर्षं डेपोत जमा केल्या, झेरॉक्स. दोन गडी लावून उचलायची मोटर गहाळ झालेली मी बघितली नाही."

मला ते तेव्हापासून झेरॉक्सच म्हणतात. नाव विचारायचं राहून गेलं असावं.

ते तसेच परत गेले. दुरुस्ती करा म्हणाले. दप्तरात गेलं, आता दुरुस्ती नाही. मग त्या दिवशीच्या स्टेशन डायरीत माझ्याबद्दल काय लिहिलंय ते तरी दाखवा. ते दाखवता येत नाही. का? नसतं दाखवत.

त्या 'नसतं दाखवत'नं घात केला. दुसऱ्या दिवशी नानांनी माहिती अधिकाराचा कायदा आणला आणि आठवडाभरात वेळापत्रक पाठ करावं तसा पाठ केला.

आपल्या राज्यात या अर्जाला एक गमतीची मर्यादा आहे. 2012 च्या सुरुवातीला नियम आला की अर्ज एकाच विषयावरचा हवा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. बाकीचे अर्जदार या नियमाला शिव्या देतात. नानांना तो सुट्ट्या पैशांसारखा वाटला, पुरवून वापरायचा. त्यांचा मराठी भाषेवर खरा जीव जडला तो इथं. "हिंदीवाल्याला 'थाने के' म्हणायला दोन शब्द मोजावे लागतात. आपलं 'ठाण्यातल्याच' एकात भागतं." विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहिण्याची जी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली, तिचा एवढा कसून वापर मी दुसरीकडं बघितलेला नाही. 'स्टेशनडायरीतल्या', 'मोटरचोरीअर्जाबाबतच्या', 'नोंदवहीपानांच्यासुद्धा' असले शब्द नाना भाकरी थापावी तसे थापायचे. पहिला अर्ज एकशे एकोणपन्नास शब्दांत बसला. उरलेला एक शब्द "प्रसंगाला असू दे" म्हणून त्यांनी मोकळा सोडला.

दहा रुपयांचा स्टॅम्प, भाताचं शीत, दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊन परत आणायची. "अर्ज कुणीही लिहील. कमाई म्हणजे पोच," हे नाना अजूनही प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. आवकाचा शिक्का सापडत नव्हता म्हणून त्या दिवशी ते ठाण्यात पाऊण तास उभे राहिले. बसा म्हणाले तरी बसले नाहीत. कंडक्टरला उभं राहण्याचं काय?

"पण नाना, कशाला पाहिजे तुम्हाला हे?" अंमलदारानं कळवळून विचारलं.

नानांनी पुस्तक उघडून कलम सहा, पोटकलम दोनवर बोट ठेवलं. अर्जदाराला माहिती मागण्याचं कारण विचारता येत नाही. आता, आमच्या गावात 'कशाला?' हा प्रश्न रामराम म्हणण्याआधी येतो. स्वयंपाकघरापासून स्मशानापर्यंत कुणाचीही त्यातून सुटका नाही. अशा गावात कारण न सांगण्याचा कायदेशीर हक्क मिळालेला नाना हा पहिला माणूस. हा हक्क त्यांच्या डोक्यात इतका गेला की काकूंनी "कुठं निघालात?" विचारलं तरी चपला घालता घालता "सहा-दोन" म्हणायचे. काकूंनी एका रात्री ताट वाढलं नाही. नानांनी का विचारलं, तर काकू म्हणाल्या, "सहा-दोन."

उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. नानांनी पुरवणी पत्र देऊन अठ्ठेचाळीस तास मागितले. मुद्दा असा की मोटर पाण्याची, पाणी म्हणजे जीवन, शब्दकोशात 'जीवन' या शब्दाचा एक अर्थच पाणी, सबब हा जीविताचा प्रश्न. कोशाच्या त्या पानाची प्रत मीच काढून दिली. ठाण्यानं या पत्राला उत्तर दिलं नाही, पण ते ठाण्यात बरेच दिवस वाचलं गेलं एवढं मला माहीत आहे, कारण ते वाचायला नेण्यासाठी दोघे-तिघे माझ्याकडं प्रत काढून घेऊन गेले.

माहिती अधिकाराचं टेबल तेव्हा एका महिला कॉन्स्टेबलकडं होतं, नुकत्याच भरती झालेल्या. नाना त्यांना ताई म्हणायचे. या ताईंनी एकोणतिसाव्या दिवशी उत्तर पाठवलं, तेही रजिस्टर पोस्टानं. ठाण्यापासून नानांचं घर दोनशे पावलांवर. नानांनी विचारलं, "ताई, हाक मारली असती तरी आलो असतो." ताई म्हणाल्या, "मग पोच कशी मिळाली असती, नाना?" नानांना त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. शिष्य भेटल्यासारखं.

उत्तरात लिहिलं होतं की मागणी केलेली माहिती पुरविल्यास तपासकामात अडथळा निर्माण होण्याची शक्यता असल्याने कलम 8(1)(ज) अन्वये नाकारण्यात येत आहे. दुसरा कुणी खचला असता. नाना उजळले. "तपासाला अडथळा होतो म्हणजे तपास चालू आहे! तपास चालू आहे म्हणजे गुन्हा दाखल आहे!" लगेच दुसरा अर्ज गेला, सदर गुन्ह्याचा नंबर मिळावा. पुन्हा एकोणतिसाव्या दिवशी रजिस्टर. 'आपण नमूद केलेल्या प्रकरणी कोणताही गुन्हा दाखल नाही. सबब माहिती निरंक.'

निरंक हा शब्द ज्यानं काढला त्याला भेटायची माझी इच्छा आहे. शून्याला एवढे चांगले कपडे दुसऱ्या कुठल्याही भाषेनं घातले नसतील.

दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून नानांनी एका पानावर प्रत काढून घेतली. वर तपास चालू आहे, खाली तपासाला काही नाही. या एका पानावर पहिलं अपील झालं. वीस रुपयांचा स्टॅम्प, जोडपत्र ब. त्या दिवशी नानांनी शर्ट इस्त्री करून घेतला होता. पुढं तो पायंडाच पडला, एकोणतिसावा दिवस उजाडला की पांढरा शर्ट इस्त्रीला जातो.

आमच्याकडं अपील उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांसमोर चालतं. सोबत मदतीला मी गेलो होतो, म्हणजे पेटी धरायला. नानांनी दोन उत्तरांचं पान पुढं ठेवलं आणि वर म्हणाले, "शिवाय नुसता तपास चालू आहे म्हणून माहिती नाकारता येत नाही, अडथळा कसा होतो ते सांगावं लागतं. आधार भगतसिंग."

साहेब जरा सावरून बसले. "भगतसिंगांचा इथं काय संबंध?"

"दिल्ली उच्च न्यायालय, 2007," नाना म्हणाले. "हे दुसरे भगतसिंग."

साहेब हसले, आणि हसलेला अधिकारी निम्मं अपील हरलेला असतो. पंधरा दिवसांत अभिलेखांची पाहणी करू द्यावी असा आदेश निघाला.

पाहणीचा दिवस मी दुकान बंद ठेवून बघितला. पहिला तास फुकट असतो, पुढं मीटर चालू. आणि त्याच 2012 च्या नियमांत एक कलम आहे की कागद बघणाऱ्यानं जवळ फक्त पेन्सिल ठेवायची, बाकीची लेखनसामग्री माहिती अधिकाऱ्याकडं जमा करायची. नानांनी खिशातली तीनही पेनं काढून टेबलावर ओळीनं ठेवली. एक निळं, एक काळं, एक चार रंगांचं. आणि पावती मागितली. ताईंनी निमूटपणे लिहून दिली, 'पेन नग 3, पैकी एकाचे टोपण नाही.' आता पेन्सिल. अख्ख्या ठाण्यात पेन्सिल निघेना. गुन्हे लिहितात, जबाब लिहितात, पंचनामे लिहितात, सगळं शाईत. शेवटी ताई समोरच्या क्वार्टरमधून शेजारच्या पोराच्या कंपासपेटीतली आणायला धावल्या. वर खोडरबर असलेली होती. त्या रबरावर पाच मिनिटं चर्चा झाली, कारण रबर लेखनसामग्रीत येतं की नाही हे नियमात नाही. नानांनी स्वतःच दातांनी ते काढलं आणि जमा केलं. पावतीवर एक नग वाढला.

मग डायरी उघडली. तेव्हा ती हातानं लिहिलेली असायची, जाडजूड, कोपरे वळलेली, मधेच चहाचा गोल. नानांनी तारीख शोधली. बोट एकेका ओळीवरून खाली आलं. थांबलं. ते मोठ्यानं वाचू लागले, "अकरा वाजून चाळीस मिनिटे. अर्जदार हजर येऊन त्यांची मोटर गहाळ झालेबाबत अर्ज दिला. अर्जदारास समज देऊन रवाना केले."

कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता.

"समज देऊन?" नाना म्हणाले.

"तसं लिहितात नाना. पद्धत आहे," ताई म्हणाल्या.

"मोटर माझी गेली. आणि समज मलाच?"

ठाण्यात गेलेल्या प्रत्येकाला ती मिळत असावी. शेजाऱ्यानं बांध कोरला, समज देऊन रवाना. नवरा दारू पिऊन मारतो, दोघांना समज देऊन रवाना. इतकी वर्षं हे ठाणं चालू आहे, एवढी समज वाटली गेली, तरी गावात ती कुठं साठलेली दिसत नाही, हे आपलं माझं निरीक्षण. नानांचं डोकं दुसरीकडं चाललं होतं. चार दिवसांनी त्यांनी तो अर्ज केला, ज्यानं त्यांचं नाव तालुक्याबाहेर गेलं. 'मला दिनांक अमुक रोजी देण्यात आलेल्या समजेची साक्षांकित प्रत मिळावी.' एवढाच. उरलेले शब्द त्यांनी वापरले नाहीत.

एकोणतिसाव्या दिवशी रजिस्टर आलं. 'सदरची समज तोंडी स्वरूपाची असल्याने अभिलेखावर उपलब्ध नाही.' नानांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं. माझ्याकडंच. पैसे मी घेतले नाहीत.

पण पाहणीचं राहिलं. डायरी वाचून नाना सुन्न बसले होते आणि फुकटच्या तासातली वीस मिनिटं शिल्लक होती. कंडक्टर माणूस, काढलेलं तिकीट वाया जाऊ देईना. आदेशात 'मोटरीबाबतचे अभिलेख' असं मोघम लिहिलेलं होतं, म्हणून ताईंनी मुद्देमालाचं रजिस्टरही पुढं सरकवलं. नाना चाळत बसले. कोयता एक, लाकडी मूठ असलेला. देशी दारूच्या बाटल्या. सायकल, सीट नसलेली. मग एका पानावर बोट पुन्हा थांबलं. कुठल्याशा दुसऱ्याच चोरीत पकडलेल्या एकाकडून जप्त, इलेक्ट्रिक मोटरी नग तीन, मालकाचा शोध नाही. त्यांतली तिसरी, 'जुनी वापरती, निळसर रंगाची, त्यावर पांढऱ्या रंगात 4171 असे लिहिलेली.'

4171 हा नानांचा बिल्ला नंबर. एसटीत असताना छातीवर होता. घरातल्या बादलीवर आहे, कुदळीवर आहे, काकूंच्या मिक्सरखाली आहे.

मोटर पाच महिन्यांपासून मागच्या खोलीत पडून होती. ज्या बाकड्यावर नानांना समज मिळाली त्या बाकड्यापासून भिंतीपलीकडं. कुणी लपवली नव्हती, कुणाची लबाडी नव्हती. ठाण्याला चोरीच्या मोटरी सापडल्या होत्या, पण चोरीला गेलेली मोटर ठाण्याच्या दप्तरी नव्हती. दप्तरी एक गहाळ मोटर होती, आणि गहाळ मोटरीचा चोराशी काय संबंध?

आम्ही सगळे खोलीत गेलो. अंमलदारानं बॅटरी मारली. पांढरे आकडे दिसले तसा तो बिचारा खरोखर आनंदला. "घ्या नाना! सापडली की तुमची मोटर! टेम्पो बोलवा."

नाना म्हणाले, "आधी या पानाची प्रत."

तशी ती टेम्पोत घालून न्यायला मिळालीही नसती. मुद्देमाल कोर्टाच्या ताब्यातला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 457 खाली अर्ज, मालकीचा पुरावा, बिल्ल्याचं जुनं ओळखपत्र, आणि मग सुपूर्दनामा, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा वस्तू आहे त्या स्थितीत हजर करीन असं बंधपत्र लिहून दिलेला कागद. दोन महिने गेले. मोटर घरी आली तेव्हा तिच्या कड्याला मुद्देमालाची चिठ्ठी होती, दोऱ्यानं बांधलेली, दोन पंचांच्या सह्या, वर लाखेचा लाल ठसा.

यानंतर नाना थांबतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ठाण्याला तर फारच वाटलं होतं. पण नानांना मोटरीसाठी ही विद्या आली असली तरी विद्या मोटरीपुरती नव्हती. माझ्या दुकानापुढच्या बाकावर ते बसू लागले आणि लोक त्यांना विचारू लागले. यातला मोठा भाग म्हणजे लोकांना अर्ज करण्यापासून परावृत्त करणं, हे मला नंतर कळलं. "ही गाडी तिकडं जात नाही," असं सांगायची त्यांची जुनी सवय. एखादा फिर्यादी एफआयआरची प्रत माहिती अधिकारात मागायला निघालेला असतो. नाना त्याचा स्टॅम्प परत पेटीत टाकायला लावतात. "तू फिर्यादी ना? तुला प्रत फुकट आणि तिथल्या तिथं द्यायची, असा कायदा आहे. तीस दिवस कशाला घालवतोस?" आरोपीचा बाप येतो, त्याला सांगतात की अर्ज कर, चोवीस तासांत प्रत मिळायला हवी, नाही तर कोर्टातून घे. अपघातात मुलगा गेलेली बाई येते, विम्याच्या दाव्याला कागद हवेत. तिच्यासाठी नाना स्वतः ठाण्यात जातात, मोटार वाहन कायद्याचं कलम 160 सांगतात, आणि परत आल्यावर चहा पीत नाहीत. केस डायरी मागायला कुणी आलं तर मात्र हात जोडतात. ती तपास करणाऱ्याची आणि कोर्टाची. "ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पॅसेंजर बसत नसतो."

2016 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाका. जिथं नेटची अडचण तिथं फार तर बहात्तर तास. लैंगिक गुन्हे, लहान मुलांवरचे, दहशतवादाचे असले नाजूक तेवढे वगळा. नानांना दिवाळी झाली. रोज सकाळी माझ्या संगणकावर बसायचे. आधी कॅपच्याशी झगडा, ते अक्षर ओ की शून्य यावर माझी बोहनी व्हायची. मग आपल्या ठाण्याचे, शेजारच्या ठाण्याचे, पेपर वाचावा तसे सगळे गुन्हे वाचायचे. बांध, भाऊबंद, मोटर. बांध, दारू, मोटर. 'मोटर' आणि 'चोरी' हे दोन शब्द एका ओळीत दिसले की समाधानानं मान हलवायचे.

एकदा आमच्याच आळीतल्या एका पोराचं नाव आलं. मागं चारजण वाकून बघत होते. नानांनी खिडकी बंद केली. कुणी म्हणालं, आता सगळ्यांसाठी खुलं आहे की ते. नाना म्हणाले, "खुलं आहे म्हणून चावडीवर वाचलंच पाहिजे असं कलम मला अजून सापडलेलं नाही." आणि सापडेपर्यंत कुणी बाकावर बसू नये अशा चेहऱ्यानं बसून राहिले.

2023 च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं दोषारोपपत्रं मात्र अशी सगळ्यांसाठी टाकायची नाहीत असं सांगितलं, तेव्हा नाना दिवसभर गप्प होते. पण खरा घाव बसला तो 1 जुलै 2024 ला. फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि सगळी कलमं हलली. दहा-अकरा वर्षं पाठ केलेलं वेळापत्रक एका रात्रीत बदललं. "154 ची गाडी आता 173 नंबरनं सुटणार," नाना खिन्नपणे म्हणाले. "457 ची 503." आठवडाभर ते कुणाशी बोलले नाहीत. मग फुलस्केपवर उभी रेघ मारून एका बाजूला जुने, दुसऱ्या बाजूला नवे नंबर असा तक्ता केला. तो घेऊन माझ्याकडं आले आणि पाच प्रती काढल्या. सहावी ठाण्यातून एक हवालदार येऊन काढून घेऊन गेला, इकडंतिकडं बघत. आज ठाणे अंमलदाराच्या डोक्यावर जो तक्ता चिकटवलेला आहे तो नानांच्या अक्षरातला आहे. बदलून आलेल्या प्रत्येक साहेबाला तिथं तीन गोष्टी सांगितल्या जातात, संवेदनशील गावं कुठली, कुणाचा माणूस कोण, आणि नाना. हल्ली म्हणे नानांचा नंबर पहिला असतो.

ठाण्यात कॅमेरे बसल्यापासून नाना आत शिरताना थांबतात, वर बघतात आणि स्वतःचं नाव, तारीख आणि कामाचं स्वरूप खणखणीत आवाजात सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाप्रमाणं ठाण्यातल्या कॅमेऱ्याला आवाजही टिपता आला पाहिजे आणि ते दीड वर्षं, गेलाबाजार एक वर्ष तरी, जपलं पाहिजे. "पोच द्यायला टाळाटाळ करतात ना, मग ही घ्या."

मोटर अजून नानांच्या अंगणात आहे. विहिरीला पाणी आलं त्याच वर्षी त्यांनी दुसरी मोटर घेतली. ही वापरत नाहीत. सुपूर्दनाम्यात आहे त्या स्थितीत हजर करीन असं लिहिलंय, आणि पाण्यात उतरवली की स्थिती बदलते, असं त्यांचं वाचन. तिच्यावर पत्र्याचा आडोसा केलाय. कोंबड्या तिच्या आडोशाला अंडी घालतात, उन्हाळ्यात काकू त्या पत्र्यावर कुरडया वाळत घालतात. चिठ्ठीवरच्या पंचांच्या सह्या पावसानं गेल्या, लाख मात्र शाबूत आहे. मागं भंगारवाला वजनाला चांगला भाव देत होता. काकू तयार होत्या. नानांनी चिठ्ठीला हात लावू दिला नाही.

"मूळ खटल्याचं काय झालं त्याच्यावर आहे हे," मला म्हणाले. "तो निकाली निघाला असेल तर सुपूर्दनामा सुटला. मग विका, नाही तर मांडवावर लावा."

म्हणजे झालं काय, हे त्यांना अकरा-बारा वर्षांत माहीत नव्हतं. विचारायचं सुचलं नसावं, असं मी म्हणालो. नानांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विनातिकीट सापडलोय. पेटी उघडून पोच दाखवली. अर्ज गेलेला आहे, एकशे अठ्ठेचाळीस शब्दांचा. ताई मधल्या काळात बदलून गेल्या होत्या, त्या आता बढतीवर पुन्हा याच ठाण्यात आल्यात आणि टेबल पुन्हा त्यांच्याकडं आहे.

उद्या एकोणतिसावा दिवस. आत्ताच शेजारच्या इस्त्रीवाल्याकडं पांढरा शर्ट देऊन गेले.